उभी गाडी लागली

फोनवरची तक्रार साधी होती : कॅम्परव्हॅनचं छत गळतंय, गाद्या भिजल्यात, कोणीतरी या.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, पश्चिम किनाऱ्यावरच्या होकिटिकात मी भाड्याच्या कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाड्या, दुरुस्त करतो. वाटेत कुठे गाडी अडली की पिकअप घेऊन निघायचं, हेही माझंच काम. टास्मान समुद्रावरून आलेले ढग इथे थेट सदर्न आल्प्सवर आदळतात. होकिटिकात वर्षाला २९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि डोंगराकडे जावं तसा तो वाढतच जातो. त्यामुळे ‘छत गळतंय’ हा फोन मला नवा नव्हता. नवं होतं ते नोंदीतलं नाव. मराठी आडनाव, साठी ओलांडलेलं जोडपं, मुक्काम ओकारिटो.

ऑक्टोबरातले दिवस. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता आणि हरिहरीच्या पुढे माउंट हर्क्युलीसच्या घाटात दरड आल्याने महामार्ग ६ दोन दिवस बंद होता. त्या सकाळी एक मार्गिका उघडली तसा मी निघालो. या रस्त्यावर पावसाला कोणी हलक्यात घेत नाही. २६ मार्च २०१९ ला फ्रान्झ जोसेफजवळ वायहो नदीने अख्खा पूल वाहून नेला होता. तो अठरा दिवसांत पुन्हा उभा राहिला खरा, पण तेवढे दिवस किनारा मधोमध तुटलेला होता. एकेरी पुलांवर मी गाडी अगदी हळू घेत होतो. खाली नद्या राखाडी झालेल्या, ओंडके घेऊन धावणाऱ्या.

फॉर्क्सला महामार्ग सोडला की ओकारिटोचा तेरा किलोमीटरचा रस्ता दाट जंगलातून जातो आणि एकदम समुद्रावर उघडतो. बाजूला खाजण, समोर दगडगोट्यांचा किनारा, त्यावर पुराने आणून टाकलेली पांढरी पडलेली लाकडं. लाटांचा आवाज गाडीच्या बंद काचांतूनही येत होता. वीजजोडणी नसलेल्या तळावर एकच कॅम्परव्हॅन उभी होती. तिच्या सगळ्या काचा आतून दुधाळ झाल्या होत्या.

दार काकांनी उघडलं, पण बऱ्याच वेळाने. “बरं झालं आलात,” म्हणाले आणि पुढे काय सांगायचं ते विसरल्यासारखे थांबले. मला वाटलं, झोपेतून उठलेत. आतून उबदार, दमट हवा अंगावर आली. गादीची खालची बाजू ओलीचिंब, खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या चौकटींवरून पाणी ओघळतंय. मी सवयीने छताची झडप पाहिली, कोपऱ्यांना कागदी रुमाल लावून पाहिले. कोरडे. खरी गळती असती तर पाणी सांध्यातून उतरतं, एका वाटेने येतं, डाग सोडतं. इथे पाणी सगळीकडे सारखं होतं. ते बाहेरचं नव्हतंच.

“काकू कुठे आहेत?”

“मागे पडल्यात. गाडी लागलीय त्यांना. डोकं दुखतंय, सकाळी उलटीही झाली. घाटरस्ते सोसत नाहीत.”

मी झडपेकडे पाहत ‘हो’ म्हणालोसुद्धा. मग ते वाक्य डोक्यात पुन्हा वाजलं. गाडी दोन दिवस जागची हलली नव्हती.

तेव्हा ओट्याकडे नीट पाहिलं. दोन्ही बर्नर चालू, दोन्हींवर पातेली पालथी घातलेली. ज्योतीची टोकं पिवळी. दाराजवळच्या फरशीतल्या जाळीत टॉवेल घट्ट कोंबलेला. छताच्या झडपेची वायुवीजनाची फटही चिकटपट्टीने बंद.

मी गॅस बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या. “काका, आधी बाहेर चला.” ते पावसाकडे बोट दाखवत राहिले. मग मी जरा आवाज चढवला, तो आजही मला खटकतो, पण त्या घटकेला दुसरं काही सुचलं नाही. काकूंना दोघांनी धरून माझ्या पिकअपमध्ये बसवलं. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. ज्या घरून काकांनी आम्हाला फोन केला होता त्याच घरी धावत जाऊन मी १११ हा आपत्कालीन क्रमांक लावला.

रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ फार लांबला. पिकअपच्या काचा खाली करून आम्ही तिघं पाऊस आत घेत बसलो. काकूंचे हात चोळत मी काकांना प्रश्न विचारत राहिलो, एक तर ते जागे राहावेत म्हणून, आणि हे असं झालं कसं ते मला कळावं म्हणूनही.

ते सुरू झालं होतं पावसापासूनच. गाडीत डिझेलवर चालणारा हीटर होता, पण तो पेटायला आणि त्याचा पंखा फिरायला घरगुती वापराची वेगळी बॅटरी लागते. ती चार्ज होते इंजिन चालल्यावर, नाहीतर छतावरच्या सोलर पॅनेलवर. रस्ता बंद म्हणून गाडी हलली नाही, ढगांमुळे पॅनेलने काही दिलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी बॅटरी उतरली आणि हीटर पेटायचा थांबला. थंडी वाजू लागली तशी काकूंनी शेगडी पेटवली. खालच्या जाळीतून गार वारा येत होता, म्हणून काकांनी टॉवेल कोंबला.

ती जाळी अशासाठी असते की एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो आणि तिथूनच बाहेर पडतो. ताजी हवाही तिथूनच येते. ती बंद झाली की ज्योतीला प्राणवायू पुरत नाही, वर पालथ्या पातेल्याने ज्योत दडपली जाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आणि एलपीजीतला एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ लिटर पाणी वाफ होऊन हवेत जातं. दोन माणसांच्या श्वासाचं रात्रभराचं पाणी त्यात भर घालतं. गार काचेवर, गादीखालच्या गार फळीवर ते सगळं उतरतं. ज्या ओलाव्यासाठी काकांनी मला बोलावलं तो त्याच शेगडीतून आलेला होता. ओलावा वाढला म्हणून त्यांनी आणखी ऊब हवी असं ठरवलं आणि दुसरा बर्नरही लावला.

“या वायूचा अलार्म असतो गाडीत, तो वाजला नाही का?” मी विचारलं.

“वाजत होता ना, रात्रभर. बिघडला वाटलं. त्यातली बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये ठेवला.”

रुग्णवाहिकेतल्या बाईंनी काकूंच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला तर आकडा ९८ आला. काका सुटकेचा श्वास टाकू लागले. त्या बाई मात्र आधीच प्राणवायूचा मुखवटा बांधत होत्या. हे साधं यंत्र रक्तातला कार्बन मोनॉक्साइड प्राणवायू म्हणूनच मोजतं, आकड्यावर जाऊ नका, असं त्या म्हणाल्या. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तास. दोघांनाही ग्रेमाउथच्या रुग्णालयात नेलं.

कॅम्परव्हॅन परत न्यायची म्हणून मी मागे राहिलो. ड्रॉवरमधून अलार्म काढला, बॅटरी बसवली, बटण दाबलं. ठणठणीत होता. मला राग आला तो काकांचा नव्हे. गाडी ताब्यात देताना आम्ही पाणी कुठे भरायचं, शौचालयाची टाकी कुठे रिकामी करायची हे सगळं दाखवतो. जाळीचं मात्र एका कागदावर लिहिलेलं असतं, चौदाव्या ओळीत. तो कागद मी स्वतः कितीतरी लोकांच्या हातात दिला आहे, आणि ती ओळ मोठ्याने कधी वाचून दाखवली नव्हती.

टॉवेल बाहेर ओढला तसा खालून गार वारा तळहातावर आला.

तिसऱ्या दिवशी दोघं होकिटिकाला आले. प्रवास सोडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांना दक्षिणेला हास्ट गावापर्यंत जायचंच होतं. दुसरी गाडी मी स्वतः दाखवायला घेतली. मी अजून बॅटरीचा आकडा समजावतच होतो, तोवर काकू दाराशी खाली वाकल्या, जाळी शोधली आणि तिच्यावर हात धरून बसल्या.

“येतोय,” त्या म्हणाल्या. “वारा येतोय.”