क्लॉक खाली आला म्हणून बिल खाली येतं का?

सरळच सांगतो, डेस्कटॉपवर प्रोसेसर आपोआप स्लो होतो (म्हणजे त्याचा क्लॉक, कामाचा स्पीड, उतरतो) त्याने वीज वाचते हे खरंय, पण लोकांना वाटते तेवढी नाही. मशीन मोकळं बसलेलं असेल तर जवळपास नाहीच.

नाशिकला रविवार कारंजाजवळ मित्राचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, फ्लेक्स वगैरे. कॉम्प्युटर सकाळी चालू केला की थेट शटर पाडेपर्यंत चालू. त्याला कुणीतरी सांगितलेलं की विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवरून बॅलन्स्डवर (ज्यात काम नसलं की क्लॉक खाली येतो) घे, बिल धाडकन उतरेल. म्हटलं थांब, आणि प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर घेऊन गेलो. दोन्ही प्लॅनवर मशीन नुसतं ठेवून बघितलं, मीटरचा शेवटचा आकडा काय तो हलला. मग मॉनिटरचं बटण दाबलं तर आकडा असा पडला की तोच म्हणाला, "आयला, खरा खादाड हा आहे होय!"

कारण काय, तर काम नसलं की प्रोसेसर नुसता हळू चालत नाही, झोपतो. आतले कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, बंद होतात, त्याला सी-स्टेट म्हणतात. आता झोपलेल्या माणसाला हळू चाल म्हणून काय उपयोग? २००३ मध्ये एएमडी कंपनीने अ‍ॅथलॉन ६४ प्रोसेसरसोबत कूल अँड क्वाएट (काम नसलं की क्लॉक आपोआप उतरवायची सोय) आणलं तेव्हा ही झोप आजच्याइतकी गाढ नव्हती, म्हणून तेव्हा फरक जास्त दिसायचा.

काम चालू असताना गणित वेगळं. पॉवर क्लॉकच्या पटीत वाढते, व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या पटीत. म्हणजे नुसता क्लॉक अर्धा केला तर पॉवर अर्धी पण काम दुप्पट वेळ चालणार, हाती भोपळा. सोबत व्होल्टेज १.२ वरून ०.९ वर आलं तर मात्र त्याच कामाला प्रोसेसरची वीज साधारण ५६ टक्के लागते (लीकेज, म्हणजे चिपमधून नुसतीच झिरपणारी वीज, सोडून). पण तेवढा जास्त वेळ बोर्ड, रॅम, पंखे, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) सगळे जागे राहतात ते कोण मोजणार, त्यामुळे बऱ्याचदा पटकन काम उरकून झोपलेलंच परवडतं.

आणि समजा १० वॅट वाचले तरी रोज आठ तास धरून महिन्याला २.४ युनिट, चहाचे पैसे फार तर.

खरा फायदा कुठंय तर टर्बोच्या (प्रोसेसर नेहमीच्या स्पीडच्या वर पळतो त्या मोडच्या) वरच्या टोकाला, तिथं थोड्याशा स्पीडसाठी व्होल्टेज भरमसाट चढतं. विंडोजमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केलं की बहुतेक मशीनवर टर्बो बंद होतो. एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा चाळीसला टेकतो तेव्हा मी घरच्या मशीनवर हेच करतो, व्हिडिओ एक्सपोर्टला थोडा जास्त वेळ लागतो पण पंखा बोंबलत नाही. मित्राला मात्र मॉनिटर पाच मिनिटांत बंद आणि मशीन अर्ध्या तासाने स्लीप एवढंच लावून दिलं, तेही ज्या मशीनला शेअरिंगचा प्रिंटर आहे ते सोडून, नाहीतर ते झोपलं की बाकीच्यांच्या प्रिंट अडकतात आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं.