तुम्ही विचारलंत म्हणून: डोळ्यात डाग आला होता, मग गोळी परत का सुरू केली?

नणंदेने विचारलं, ऑफिसात विचारलं, आमच्यासारखा आमवात असलेल्या किती जणींनी विचारलं त्याची मोजदाद नाही. "फील्ड टेस्ट खराब आली होती ना गं तुझी? मग एचसीक्यू परत कशी घेतेस?" विचारण्यात काळजीच असते, माहितीय, पण आवाज असा की जणू मी गुटखा खातेय.

एचसीक्यू म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, आमची आमवाताची गोळी. ती बरीच वर्षं घेतली की डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाला इजा होऊ शकते आणि झालेली इजा भरून येत नाही, हे मला तुमच्याआधी माहितीय. म्हणूनच तर ती फील्ड टेस्ट, नजरेच्या कुठल्या भागात किती दिसतं ते तपासणारी.

तर २०२२ चं ऐका. आदल्या रात्री झोप नाही, दुपारची वेळ, एसी, हनुवटी टेकवलेली, आणि डावा डोळा नेहमीसारखा दुसऱ्या नंबरला. मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. मधल्या १० अंशांत ६८ जागा, प्रत्येक ठिपका ०.२ सेकंद. मशीन ठिपके मुद्दाम इतके मंद करत नेतं की निम्मे दिसूच नयेत, कारण त्याला शोधायचीच असते ती दिसण्या-न दिसण्याची सीमा, आणि हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे काही दिसलं नाही की मी घाबरायचे आणि घाबरले की नजर हलायची. राजमाचीला काजवे बघायला गेलो होतो तेव्हा असंच झालेलं, थोड्या वेळाने नसलेले काजवेही दिसायला लागतात.

रिपोर्टमध्ये डाव्या डोळ्याच्या मध्याखाली काळी कमान आली, म्हणजे तिथे दिसत नाही असं. फिक्सेशन लॉस, म्हणजे मधल्या दिव्यावरून नजर हलल्याची नोंद, ५/१४. हा आकडा २० टक्क्यांवर गेला की मशीन स्वतःच शेजारी 'भरवसा नको' अशा अर्थाच्या फुल्या छापतं, तशा त्या छापलेल्याही होत्या, पण डॉक्टरांनी काळं बघितलं आणि गोळी बंद केली. मीही फुल्यांबद्दल विचारलं नाही. तीन-चार महिन्यांत सकाळी नळ उघडता येईना, मुलाला हाक मारावी लागायची.

सांध्यांच्या डॉक्टरांनी टेस्ट परत करायला लावली, सोबत ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन, ज्यात बटण दाबायचं नसतं. आता जे सांगतेय ते नणंदेला माहीत नाही. त्या दुसऱ्या टेस्टला मी लबाडी केली. मला पास व्हायचं होतं. ठिपक्यांची लय साधारण कळली होती, दिसो न दिसो, मी दाबत गेले. रिपोर्ट कसा स्वच्छ! फॉल्स पॉझिटिव्ह २२ टक्के. टेस्ट घेणारी मुलगी हसून म्हणाली, "ताई, न लावलेले दिवेसुद्धा तुम्हाला दिसले." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्यांदा झोपून गेले आणि प्रामाणिकपणे दाबलं. कमान नव्हती. एक ठिपका जरा मंद, तोही भलत्याच जागी. ओसीटी साफ. मग वजनाच्या हिशोबाने डोस कमी करून, किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत, गोळी सुरू झाली. आपल्याकडच्या लोकांत इजा कधी कधी मध्यापासून लांब सुरू होते म्हणून आता रुंद भागाची २४-२ टेस्टही करतात.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते की मशीन फालतू आहे. आता तसं म्हणवत नाही. मशीनने दोन्ही वेळा कागदावर लिहून दिलं होतं की हिच्या उत्तरांवर जाऊ नका. पण मग तिसरी टेस्ट खरी हे कशावरून? ती मला हवी तशी आली म्हणून? तो मंद ठिपका मी सोडून देतेय, आणि कमान कोणी सोडून दिली असती तर चाललं असतं का मला? ओसीटी नसतं तर गोळी घ्यायचं धाडस झालं नसतं, हे कबूल.

पुढची टेस्ट जानेवारीत आहे. सकाळची वेळ घेतलीय, आणि डावा डोळा आधी करा म्हणून सांगणार आहे.