एका गाण्यामागचे दोन हक्क

गेल्या वर्षी मी एका छोट्या माहितीपटाच्या शेवटी बीथोवनच्या पियानोरचनेचा दीड मिनिटाचा भाग वापरला. बीथोवन १८२७ साली निवर्तला, तेव्हा त्याच्या रचनांवर आता कोणाचाही हक्क उरलेला नाही, असे मी धरून चाललो होतो आणि ते खरेही होते. तरीही चित्रफीत चढवून तास उलटायच्या आत तिच्यावर स्वामित्वहक्काचा दावा आला. मी दोन दिवस चिडून होतो. नंतर शांतपणे वाचल्यावर लक्षात आले की दावा अगदी रास्त होता, कारण रचना बीथोवनची असली तरी मी उचललेले ध्वनिमुद्रण आजच्या काळातल्या एका पियानोवादकाचे होते.

संगीताच्या परवान्यांचा बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो. आपण ज्याला ‘एक गाणे’ म्हणतो, त्यात कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू असतात. पहिली म्हणजे चाल आणि शब्द, अर्थात रचना. तिचा हक्क संगीतकार आणि गीतकाराकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे असतो. दुसरी म्हणजे त्या रचनेचे विशिष्ट ध्वनिमुद्रण, ज्याला व्यवसायात ‘मास्टर’ म्हणतात. त्याचा हक्क बहुधा ध्वनिमुद्रण करवून घेणाऱ्या कंपनीकडे किंवा स्वतंत्र कलाकाराकडे असतो. चित्रफितीत एखादे प्रसिद्ध गाणे वापरायचे असेल, तर रचना दृश्यांशी जोडण्याचा सिंक परवाना आणि ध्वनिमुद्रण वापरण्याचा मास्टर परवाना असे दोन्ही लागतात, आणि एकाने होकार दिला म्हणून दुसरा देईलच असे नाही. तेच गाणे स्वतः गाऊन मुद्रित केले, तर मास्टरचा प्रश्न मिटतो. रचनेचा मात्र तसाच राहतो. ‘मूळ कलाकाराला श्रेय दिले आहे’ ही ओळ चित्रफितीखाली लिहिल्याने यातला कोणताही हक्क आपल्याला मिळत नाही. काही सेकंदांपर्यंतचे संगीत मोफत वापरता येते, हाही असाच एक चिवट गैरसमज आहे.

‘रॉयल्टी-फ्री’ या शब्दाने तर माझ्यासारख्या अनेकांना चकवले आहे. त्याचा अर्थ फुकट असा नसून, एकदा ठरलेले शुल्क भरल्यावर प्रत्येक वापरामागे पुन्हा मानधन द्यावे लागत नाही, एवढाच आहे. हक्क मूळ मालकाकडेच राहतो आणि आपल्याला काही अटींवर वापराची मुभा मिळते. त्या अटींमध्येच सगळे दडलेले असते: वैयक्तिक चित्रफितीला परवानगी आहे पण जाहिरातीला नाही, इंटरनेटवर चालते पण चित्रपटगृहात नाही, किंवा वर्गणी चालू असताना प्रसिद्ध केलेले काम पुढेही सुरक्षित राहते पण वर्गणी संपल्यावरच्या नव्या कामाला तेच संगीत लावता येत नाही. हे नियम संगीत पुरवणाऱ्या संग्रहागणिक बदलतात, म्हणून मी आता संगीत ऐकण्याआधी परवाना वाचतो. उलट केले की मन चालीत अडकते आणि अटींकडे काणाडोळा होतो.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, म्हणजे निर्मात्याने आपली कृती काही अटींवर सर्वांना आधीच खुली करण्यासाठीचे तयार परवाने, २००२ च्या डिसेंबरपासून उपलब्ध आहेत आणि स्वतंत्र निर्मात्यासाठी ते वरदानच आहेत; पण तिथेही एक खाच आहे. ज्या परवान्यात ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज) ही अक्षरे असतात, त्याखाली रूपांतरित कृती इतरांना देता येत नाही. मूळ ध्वनी जसाच्या तसा ठेवला तर रूपांतर कुठे झाले, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात संगीत हलत्या दृश्यांशी वेळ साधून जोडणे हेच या परवान्यांनी रूपांतर मानले आहे, त्यामुळे एनडी संगीत चित्रफितीसाठी निरुपयोगी ठरते. ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल) असेल तर व्यावसायिक वापराला मनाई असते, म्हणून जाहिरातींतून उत्पन्न मिळणाऱ्या चित्रफितीत मी ते वापरण्याच्या वाटेला जात नाही. श्रेय देताना निर्मात्याचे नाव, मूळ दुवा, परवान्याचे नाव व दुवा आणि केलेले बदल नमूद करावे लागतात. या परवान्यांच्या आवृत्ती ४.० मध्ये एक उदार तरतूद आहे: चूक समजल्यापासून ३० दिवसांच्या आत ती दुरुस्त केली, तर गमावलेले अधिकार आपोआप परत मिळतात.

परवाना असूनही दावा येऊ शकतो. यूट्यूबने २००७ साली सुरू केलेल्या कंटेंट आयडीसारख्या यंत्रणा ध्वनीचा ठसा जुळवून पाहतात. आपण कोणाशी कोणता करार केला आहे, हे त्यांना ठाऊक नसते. असा दावा म्हणजे शिक्षा नव्हे. त्याने बहुधा त्या चित्रफितीचे उत्पन्न दुसरीकडे वळते किंवा ती काही ठिकाणी दिसेनाशी होते. खात्यावर बसणारा कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाची ताकीद, ही त्याहून गंभीर आणि वेगळी गोष्ट आहे. दाव्याला उत्तर द्यायला कागद लागतात, म्हणून प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये पावती, परवान्याची प्रत आणि डाउनलोडच्या दिवशी घेतलेले त्या पानाचे छायाचित्र मी ठेवतो, कारण संकेतस्थळावरच्या अटी नंतर बदललेल्या मी पाहिल्या आहेत.

माझ्या माहितीपटाचा शेवट मी अखेर बदलला. पियानोवादक किमिको इशिझाका हिने बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचे केलेले ध्वनिमुद्रण २०१२ साली सीसी झीरोखाली, म्हणजे सर्व हक्क सोडून, सर्वांसाठी खुले करण्यात आले होते. रचनाही मोकळी आणि ध्वनिमुद्रणही मोकळे, असा योग मला इतका सहज मिळेल असे वाटले नव्हते. त्यातली सुरुवातीची आरिया मी घेतली. तिची लय संथ असल्याने शेवटचे दृश्य मात्र मला अकरा सेकंदांनी लांबवावे लागले.