माघातली सकाळ आणि जुनी दफनभूमी

माघ सरत आला की ठाण्यातला पहाटेचा गारवा फार वेळ टिकत नाही, म्हणून हे आणि मी उजाडताच मोती व चिंगी या आमच्या देशी कुत्र्यांना घेऊन मासुंदा तलावाकडे निघतो. झाडांत तांबटाची टुक-टुक सुरू असते, आणि पाने झडलेल्या काटेसावरीवर लाल फुले दिसू लागलेली असतात.

निवृत्तीनंतर आम्हाला शहरातल्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत फिरण्याची सवय लागली. कुत्र्यांना आत नेणे योग्य नाही असे आमचे ठाम मत असल्यामुळे एक जण पट्टे धरून फाटकाबाहेर थांबतो आणि दुसरा आत जाऊन येतो. झिजलेल्या शिळांवरची नावे वाचताना या गावाचे वय जाणवते. इटलीच्या थॉमस ऑफ टोलेंटिनो यांच्यासह चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक १३२१ मध्ये याच ठाण्यात मारले गेले आणि ओडोरिक या प्रवाशाने पुढे त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या. पोर्तुगीज येथे येण्याच्या कितीतरी आधीची ही हकीकत आपल्या शाळांतून सांगितली जायला हवी, असे मला मनापासून वाटते. ह्यांना मात्र इतिहासापेक्षा कुटुंबांनी ताजी फुले वाहिलेल्या कबरींपाशी थांबायला अधिक आवडते.

डांबर तापले की कुत्र्यांचे तळवे पोळतात, त्यामुळे ऊन चढण्यापूर्वी आम्ही सावलीच्या बाजूने घरी परततो आणि दोघांसमोर आधी पाण्याचे भांडे ठेवतो.