जहाजात चढण्याआधी एक दिवस वालपराइसोचा

चिलीच्या राजधानीत, सान्तियागोत राहायला आल्यापासून एक बेत डोक्यात घोळत होता. वालपराइसोला जहाजात बसायचं आणि चिली-पेरूचा किनारा धरून पनामा कालव्यातून थेट फ्लोरिडा गाठायचं. क्रूझ म्हटलं की घरच्यांना आधी लाखोंचं बिल दिसतं. पण मार्च-एप्रिलमध्ये इथला उन्हाळा सरतो आणि जहाजांना उत्तरेकडच्या हंगामासाठी तिकडे जायचंच असतं. प्रवास एकतर्फी, लांबलचक, त्यात कित्येक दिवस नुसतं पाणी. त्यामुळे अशा फेऱ्यांचं तिकीट दर रात्रीच्या हिशेबाने बरंच स्वस्त पडतं. आम्ही बिनखिडकीची केबिन घेतली. वायफाय, दारू, टिप यांचे पैसे बहुतेक वेळा वेगळे लागतात, ते आधीच धरून चालावं.

यातून वाचलेल्या पैशांत आदल्या दिवशीच वालपराइसोला मुक्कामाला जायचं आम्ही ठरवलं. सान्तियागोपासून अंतर सुमारे १२० किलोमीटर, भरपूर बस आहेत. मोठ्या बॅगा मात्र उतरल्या उतरल्या हॉटेलवर टाकाव्यात. पुढे सगळी चढणच आहे.

समुद्रालगत सपाट जमिनीची एक चिंचोळी पट्टी, तिथे बँका, बाजार, नौदलाची भव्य इमारत. तिच्या पाठीला लागून चाळीसहून जास्त टेकड्या, आणि गाव राहतं ते या टेकड्यांवर. वर जायला दगडी पायऱ्या आहेत, नाहीतर ‘आसेन्सोर’, म्हणजे उतारावर बसवलेले रुळांवरचे डबे. पहिला १८८३ साली सेरो कॉन्सेप्सिओनवर सुरू झाला (सेरो म्हणजे टेकडी). एकेकाळी असे तीसेक होते, आज त्यातले थोडेच चालतात, आणि तेही दुरुस्तीसाठी मधूनमधून बंद असतात. आम्हाला न्यायालयाशेजारचा एल पेराल चालू मिळाला. लोखंडी फिरतं फाटक, आत लाकडी डबा, बसायला कडेने बाक. एक डबा वर निघाला की दुसरा खाली येतो, रहाटाच्या दोन घागरींसारखा. दोन्हींचं वजन एकमेकांना तोलून धरतं, म्हणून मोटरला ओझं फारसं पडत नाही. आमच्यासोबत एक आजी होत्या, पिशवीत गरम पाव आणि कांद्याची पात. त्या रोजच याने घरी जातात. वर पोचेपर्यंत त्यांनी मला दोनदा बजावलं, ‘मिखिता (म्हणजे पोरी), खाली बाजारात मोबाइल हातात धरून फिरू नकोस.’ हे तुम्हीही लक्षात ठेवा. बंदराजवळच्या गल्ल्यांत अंधार पडल्यावर आम्ही गेलोच नाही.

वरच्या सेरो आलेग्रे आणि कॉन्सेप्सिओन या टेकड्यांवर एकोणिसाव्या शतकात इंग्रज आणि जर्मन व्यापाऱ्यांची वस्ती होती. त्यांची चर्च अजून उभी आहेत. घरांना बाहेरून पन्हाळी पत्रा ठोकलेला, कारण खारा वारा आणि पाऊस भिंतींना टिकू देत नाही. एका घरासमोर मी बराच वेळ रेंगाळले. पिवळ्या रंगाचा पोपडा उडाला होता, त्याखाली निळा, त्याच्याही खाली विटकरी, आणि प्रत्येक खिळ्याभोवती गंजाची तपकिरी गोल टिकली. त्याच पत्र्यावर कुणीतरी दोन मजले उंच बाई रंगवली होती, केसांत मासे असलेली. इथे चित्र काढायला भिंत कोरी लागत नाही. सेरो बेयाविस्तावर तर उघड्यावरचं संग्रहालयच आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी १९६९ पासून तिथे भिंती रंगवायला घेतल्या, १९७३ च्या लष्करी उठावानंतर ते काम थांबलं, आणि १९९२ मध्ये वीस भित्तिचित्रांसह ते खुलं झालं. त्याच टेकडीवर आणखी वर कवी पाब्लो नेरुदाचं ला सेबास्तियाना हे घर आहे. तिथली खिडकी बघाच, अख्खा उपसागर एका नजरेत मावतो.

मला मात्र सगळ्यात जास्त भिडली ती या गावाची बंदर म्हणूनची गोष्ट. युरोपातून कॅलिफोर्नियाकडे जाणारी जहाजं दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून यायची. त्या खडतर प्रवासानंतर कोळसा, पाणी, ताजं अन्न मिळण्याचं मोठं ठिकाण म्हणजे वालपराइसो. पैसा आला, वाडे उभे राहिले, वर्तमानपत्र निघालं. १८२७ मध्ये सुरू झालेलं ‘एल मेर्कुरियो’ आजही निघतं. मग १९०६ च्या ऑगस्टमध्ये भूकंपाने गाव झोपवलं. ते सावरतंय तोवर १९१४ साली पनामा कालवा खुला झाला आणि जहाजांना इतक्या खाली यायची गरजच उरली नाही. श्रीमंत हळूहळू निघून गेले. ज्या कालव्याने या गावाची भरभराट हिरावली, त्याच कालव्यातून आम्ही सहलीला जाणार होतो. सोतोमायोर चौकात उभं राहून हे जाणवलं तेव्हा मी खरंच गप्प झाले. पण बाकीच्या लोकांनी गाव सोडलं नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये वणव्यात टेकड्यांवरची हजारो घरं जळाली, तिथेही माणसं परत बांधून राहिली. आग विझवणारे सगळे स्वयंसेवक, बिनपगारी. चिलीतलं पहिलं दल याच गावात १८५१ मध्ये उभं राहिलं.

जेवायला इथली प्रसिद्ध चोरियाना. बटाट्याच्या तळलेल्या काड्यांचा डोंगर, वर परतलेला कांदा, अंडी आणि गोमांसाचे तुकडे. मांस नको म्हटलं तर आमच्या खानावळीने विनातक्रार काढून दिलं. एक ताट दोघांना पुरून उरलं. परतताना मुद्दाम ट्रॉलीबसने आलो. १९५२ पासून ती सेवा चालू आहे, आणि जुन्या अमेरिकी गाड्या चिलीने राष्ट्रीय स्मारक म्हणून जपल्यात.

कुणाला अशी क्रूझ करायची असेल तर तिकिटावरचं बंदर नीट वाचा. जाहिरातीत ‘सान्तियागो’ लिहिलेली बरीच जहाजं वालपराइसोहून सुटत नाहीत, दक्षिणेच्या सान आन्तोनिओहून सुटतात. वालपराइसोहून रस्त्याने ते शंभरेक किलोमीटरवर आहे, सकाळी टॅक्सी आधी ठरवून ठेवावी लागते. तसं असलं तरी आदल्या रात्रीचा मुक्काम वालपराइसोलाच करा, आणि खोली टेकडीवरची घ्या.