महिना निघतो हो, अकरावा महिना निघत नाही

ऑफिसात, लग्नात, व्हॉट्सअॅपवर, सगळीकडे मला एकच प्रश्न. "एका पगारात कसं गं भागवता तुम्ही?" आणि विचारताना चेहरा असा करतात की जणू आम्ही रात्री पाणी पिऊन झोपतो. तर एकदाच इथे लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवेन.

आम्ही डोंबिवलीत, भाड्याने. घरात चार माणसं, मी, नवरा, सासूबाई आणि तिसरीतलं पोरगं. पगार एक, माझा, हातात ५८ हजार येतात. डोंबिवली ते घाटकोपर लोकल, तिथून मेट्रोने अंधेरी, संध्याकाळी तेच उलटं. नवरा घरी असतो. हो, घरीच. नाही, नोकरी शोधत नाहीये.

२०२२ च्या उन्हाळ्यात सासूबाईंना पॅरालिसिसचा अॅटॅक आला, उजवी बाजू गेली. तेव्हा नवऱ्याचा पगार २६ हजार. दोघांनी रात्री बसून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला होता, तो कागद अजून आहे माझ्याकडे. ब्युरोतून बारा तासांची बाई ठेवायची तर १८ हजार, पोराचं पाळणाघर ४ हजार, नवऱ्याचा येण्याजाण्याचा खर्च दीड हजार. झाले साडेतेवीस. म्हणजे माणूस सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला घरी येणार आणि घरात पडणार अडीच हजार रुपये, वर बाई न सांगता सुट्टीवर गेली की त्यातूनही कापले जाणार. नवऱ्याने कागद दोनदा उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, "मग मीच ब्युरोची बाई होतो." त्यामुळे आम्ही त्याग वगैरे काही केलेला नाहीये, साधी वजाबाकी केली. नातेवाईकांना मात्र अजून वाटतं की त्याची नोकरी सुटली आणि आम्ही लपवतोय.

आता महिन्याचं सांगते. भाडं साडेसोळा (हे जुन्या घराचं, नवीन घराचं पुढे येतंय), किराणा-दूध-भाजी चौदा, सासूबाईंची औषधं, फिजिओ आणि डायपर मिळून आठ, शाळा आणि व्हॅन साडेपाच, लाइट-गॅस-मोबाइल-वायफाय साडेतीन, माझा पास आणि स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा धरून अडीच, विम्याचे हप्ते तीन आणि भिशी तीन. उरतात दोन हजार, त्यात कुणाचं तरी बारसं निघतंच. पण निघतो महिना. एक चप्पल पुढच्या महिन्यात ढकलायची, पोळी-भाजी केंद्राकडे न बघता पुढे जायचं (डोंबिवलीत हे फार कठीण आहे, दर पन्नास पावलांवर एक केंद्र आणि सहा वाजता गरम पोळ्यांचा वास), बाहेरचं खाणं म्हणजे महिन्यातून एकदा वडापाव, ते सुद्धा पोराच्या आग्रहाखातर. त्यात रडण्यासारखं काही नाही, आमच्या आईवडिलांनी चाळीत हेच केलं.

फरक एवढाच की त्यांना दर अकरा महिन्यांनी घर बदलायची भीती नव्हती.

खरा घोळ इथे आहे. महिना निघतो, पण घराचं अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट संपतं तो महिना निघत नाही. कारण त्या एका महिन्यात सव्वा लाख लागतात. या वेळचंच सांगते. जुलैत घर सोडायचं ठरलं, मालक म्हणाले मुलाचं लग्न ठरलंय (तीन घरं बदलली, दोन मालकांच्या मुलांची लग्नं ठरली, देव करो आणि खरंच झालेली असोत). नवीन घराचं डिपॉझिट ७५ हजार, आगाऊ भाडं १८, एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं म्हणजे आणखी १८, टेम्पो आणि माणसं ९, अॅग्रीमेंटचा खर्च ३. एक लाख तेवीस हजार. तुम्ही म्हणाल जुनं डिपॉझिट परत मिळतं की. मिळतं. पण कधी? चावी दिल्यावर. आणि नवीन घराची चावी कधी मिळते? डिपॉझिट दिल्यावर. म्हणजे मधले आठ-दहा दिवस तुम्ही दोन घरांची डिपॉझिटं एकाच पगारावर पेलत असता. दोन पगार असले की एक जण ऑफिसातून अॅडव्हान्स काढतो, दुसऱ्याचं क्रेडिट कार्ड असतं, काहीतरी होतं. एका पगाराला मागे टेकायला भिंतच नसते.

आणि जुनं डिपॉझिट तरी पूर्ण कुठे येतं. ६० दिले होते, ४८ आले. १२ हजार रंगाचे कापले. ज्या भिंतीचे पोपडे आम्ही राहायला जायच्या आधीपासून पडत होते त्याच भिंतीच्या रंगाचे. मी मोबाइलमधला पहिल्या दिवसाचा फोटो दाखवला तर म्हणाले, "मॅडम, फोटोत तसंच दिसतं."

या अकरा महिन्यांची एक गंमत मला फार उशिरा कळली. आमचं पहिलं अॅग्रीमेंट १ एप्रिल २०१८ ला सुरू झालं. पुढचं १ मार्चला, त्याच्या पुढचं १ फेब्रुवारीला, मग जानेवारी, मग डिसेंबर. दरवर्षी एक महिना अलीकडे. पंचांगवाल्यांनी अधिक महिना घालून सण आपापल्या जागी ठेवले, आमच्या अॅग्रीमेंटला अधिक महिना नाही, ते आपलं घसरत घसरत सगळ्या वर्षावरून फिरतं आणि बरोबर नको तिथे येऊन आदळतं. २०२२ ला ऑक्टोबरअखेर संपलं. लक्ष्मीपूजन होतं २४ तारखेला. लिफ्ट नसलेला तिसरा मजला होता, सासूबाईंना खाली-वर नेणं शक्य नव्हतं, त्यामुळे बदलायचं तर होतंच, आणि नुकताच दुसरा पगार बंद झालेला. त्या वर्षी आम्ही दिवाळी खोक्यांमध्ये केली. कंदील लावला पण पणत्या कुठल्या खोक्यात आहेत ते सापडेना, शेवटी स्टीलच्या वाटीत तेलवात लावली. माझ्या पाटल्या तेव्हा पहिल्यांदा बँकेत गेल्या, गोल्ड लोनला. तेव्हापासून त्या जातात, राहतात, परत येतात, आता तिथल्या क्लार्कला वजन न करता आकडा सांगता येईल.

यंदा ३१ जुलैला संपलं. म्हणजे जूनमध्ये शाळेची फी, वह्या, रेनकोट आणि जुलैत घर, तेही भर पावसात, गादीला प्लास्टिक गुंडाळून.

बरं, अकरा महिनेच का, तर याचं उत्तर ऐकून मी खरंच कपाळावर हात मारला होता. नोंदणीच्या कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, ते टाळायला लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. पण आपल्या महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, त्याप्रमाणे अॅग्रीमेंट कितीही महिन्यांचं असो, लेखी हवं आणि रजिस्टर करायलाच हवं. आणि ती जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही, न केल्यास शिक्षा मालकाला. (खर्च मात्र सगळीकडे निम्मा-निम्मा, आमच्याकडे तर बहुतेक वेळा पूर्ण आमचाच.) म्हणजे पळवाट इथे कधीच बुजली, पण अकरा आकडा राहिला. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हेच भाड्याचं अॅग्रीमेंट, ६० महिन्यांपर्यंत करता येतं, दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहिता येते. एजंट हे सांगत नाहीत, कारण अकरा महिन्यांनी त्यांना परत दलाली मिळते.

"मग घर घेऊन टाका ना." हा दुसरा आवडता प्रश्न. घेऊन टाका म्हणजे कोथिंबिरीची जुडीच जशी. ४० लाखांचा फ्लॅट धरा, तोही स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटं. ३२ लाख कर्ज मिळालं असं समजू, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता पावणेअठ्ठावीस हजार येतो, माझ्या पगाराचा जवळजवळ अर्धा. हप्ता एकवेळ ओढूनताणून बसवू, पण वरचे ८ लाख रोख आणि स्टॅम्प ड्युटी कुठून आणायची? घर बाईच्या नावावर घेतलं तर राज्यात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे २०२१ पासून, म्हणजे ४० हजार वाचतील. खूप आनंद झाला मला हे वाचून. उरलेल्या रकमेचं बघते सावकाश.

म्हाडाचा फॉर्म भरतो आम्ही. तिथे नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न बघतात, वर्षाला ६ ते ९ लाख म्हणजे अल्प उत्पन्न गट, त्यात आम्ही बसतो. नवऱ्याचा पगार चालू असता तर मध्यम गटात गेलो असतो. एका पगाराचा एवढा एक फायदा सापडला. २०२४ ला मुंबई मंडळाची २,०३० घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. अनामत परत येते, फॉर्मचे ५९० येत नाहीत. नवरा त्याला आमची वार्षिक लॉटरी म्हणतो.

बदलापूरला जा, अंबरनाथला जा, हेही सांगून झालंय सगळ्यांचं. भाडं पाचेक हजारांनी कमी होईल, खरंय. पण मी आत्ताच घरातून बाहेर असते बारा तास, आणि रात्री आठला सासूबाईंना कूस बदलायला दोन माणसं लागतात. त्या वेळेला मी कर्जतच्या गाडीत लटकलेली असून चालणार नाही.

तर हा अकरावा महिना आम्ही काढतो कसा? भिशीवर. लेडीज डब्यात आमची बारा जणींची भिशी आहे, महिन्याला तीन हजार, एकीला ३६ हजार. चिठ्ठ्या टाकतो, पण माझं अॅग्रीमेंट कधी संपतं हे सगळ्यांना पाठ आहे. यंदा जुलैचा नंबर एका नर्सताईंना लागला होता, त्यांनी मुंब्रा यायच्या आत मला बदलून दिला, म्हणाल्या मला काय, माझ्या पोरीची फी डिसेंबरात आहे. बाकीचे पाटल्यांचे आणि थोडे भावाकडून. भावाला मी व्याज म्हणून दिवाळीला चकल्या देते, त्याच्या मते तो तोट्यात नाही.

आणि या वेळी मी ठरवलं होतं की नवीन मालकांशी थेट बोलायचं. काका रिटायर्ड, रेल्वेतले. मी म्हटलं, काका, दोन वर्षांचं करू, २४ महिने, दुसऱ्या वर्षीची वाढ आत्ताच लिहून घ्या, तुम्हालाही परत एजंट नको मलाही नको. एजंटचा चेहरा बघण्यासारखा झाला. काकांनी खूप वेळ विचार केला, चहा संपवला, आणि म्हणाले, "चोवीस नको. बावीस करू. दोन अकरा." का ते विचारायची माझी हिंमत झाली नाही, हो म्हणाले हेच खूप.

मग रजिस्ट्रेशनचा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. अॅग्रीमेंट आम्हा दोघांच्या नावावर. काकांचा अंगठा लागला, माझा लागला, नवऱ्याचा काही केल्या लागेना. पुसला, तेलाचं बोट लावलं, डावा लावला, उजवा लावला, आधारवाले काही ओळखायला तयार नाहीत. मुलाने अंगठा हातात धरून दिव्याखाली बघितला आणि मला विचारतो, "ताई, साहेब भांडी घासतात का? रेषा गेल्यात सगळ्या. बायकांचं होतं असं." सासूबाई आतून पलंगावरून जे हसायला लागल्या, तीन वर्षांत एवढ्या मोठ्यांदा हसलेल्या मी ऐकल्या नव्हत्या. सातव्या वेळेला लागला एकदाचा.

रात्री सामान लावताना मी भिंतीवर कालनिर्णय अडकवलं आणि बोटांवर मोजलं. १ ऑगस्टपासून बावीस महिने. ३१ मे २०२७. म्हणजे परत बरोबर जूनच्या तोंडावर, शाळेची फी आणि घर एकदम.

नवऱ्याला सांगितलं. तो रिकामी खोकी चपटी करून पलंगाखाली सरकवत होता, आम्ही ती टाकत नाही. म्हणाला, "निदान गादी भिजणार नाही."