माळ्यावरचं कॅबिनेट

आज माळा आवरताना आमचं जुनं पिवळट पडलेलं कॅबिनेट सापडलं. आत इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर! १९९८ची ही चिप ३०० मेगाहर्ट्झची. बस स्पीड (मदरबोर्डचा मूळ वेग, ज्याच्या पटीत चिप चालते) ६६ वरून १०० वर नेला की चिप थेट ४५० वर, आणि तापायचीही तशीच. सोलापूरच्या मे महिन्यात हा उद्योग करायचा म्हणजे कहरच. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून टेबलफॅन लावायचो (घरचे घामाघूम, कॉम्प्युटर गारेगार).

भाचा म्हणाला, "मामा, तेव्हा तयार गेमिंग पीसी मिळत नव्हते?"

मिळायचे की, अमेरिकेत. फाल्कन नॉर्थवेस्ट ही कंपनी १९९२ पासून, एलियनवेअर १९९६ पासून. आमचं एकेक पार्ट जमवणं चालायचं, स्क्रूड्रायव्हरसुद्धा शेजारच्या काकांचा.

पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ होती. पठ्ठ्यानं जोरात फुंकर मारली. तासभर दोघं शिंकतोय.